जन्नतबीचा चौबगला

आमच्या आष्टीत बायकांच्या अंगाला टेप लावणारं पहिलं माणूस म्हणजे जन्नतबी. तिच्या आधी बाईचं माप कुणी घेतच नव्हतं. टेलर सगळे पुरुष, त्यांच्यापुढं बाई उभी कशी राहणार? मग जुनी चोळी पिशवीत घालून पाठवायची आणि ‘हिच्यासारखी शिव’ असा निरोप द्यायचा. जुनी काखेत काचत असली की नवीही काचायची. माझी आई कौसल्या सांगते, तिच्या लग्नातली चोळी दंडात इतकी आवळ होती की हार घालायला हात वर जाईना. शेवटी नवरदेवालाच वाकावं लागलं. मांडवातली माणसं म्हणाली, पोरगी फार लाजाळू आहे.

आई हे हसत सांगते. मला त्यात हसण्यासारखं कधीच काही दिसलं नाही.

जन्नतबी सेलूची. एक्याऐंशी साली सिराजोद्दीन टेलरशी लग्न होऊन आष्टीत आली. त्याच वर्षी आष्टीचा परतूर तालुका परभणीतून काढून नव्या जालना जिल्ह्यात घातला, सेलू परभणीतच राहिलं. ती म्हणायची, “मी सासरी आले अन् पंधरा दिवसांत माझं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. मला कुणी इचारलं बी न्हाई.” सिराजोद्दीनचं दुकान बाजाररस्त्यावर. पुढं त्याची मशीन, मधे चादरीचा पडदा, मागं राहायची खोली. पिशवीतून येणाऱ्या जुन्या चोळ्या ती बघायची. काखेत विरलेल्या, पाठीत उसवलेल्या, घामानं कडक झालेल्या. एक दिवस एका बाईला तिनं पडद्यामागं बोलावलं आणि टेप काढला. तेव्हापासून पडद्यापुढं पुरुष आणि पडद्यामागं बायका, असं दुकान चालू झालं.

मी पहिल्यांदा गेले ती पाचवीत. आईनं गणवेशाचं निळं सुती कापड बाजारातून आणलं होतं. जन्नतबीनं ते आधी गालाला लावलं, मग मुठीत चुरगळलं, मग कडेचा एक धागा ओढून काडीनं पेटवला. धाग्याची भुरभुरीत राख झाली, जळक्या कागदासारखा वास आला. “बराबर हाय. सूत हाय,” ती म्हणाली.

मग माझ्याकडं वळली. “नाव काय?”

“सत्यशीला.”

“हात वर कर, सत्यशीला. पुरा. आता वाक, कापूस वेचतेस तशी. आता मांडी घालून बस. आता मोठा सास घे. अजून घे, कंजुषी करू नको.”

प्रत्येक वेळी ती टेप नव्यानं लावायची. तिची बोटं थंड होती आणि टाचण्यांनी टोकं खरबरीत झालेली. आईनं विचारलं, “उभ्यानं एकदा घेतलं की झालं न्हाई का, जन्नतबी?”

“उभी तर ती फक्त परार्थनेला राहती, भाभी. बाकीचा दिवसभर हलून राह्यली का न्हाई? कपडा हलणाऱ्या अंगाला पाहिजे.”

त्या गणवेशाच्या काखेत तिनं एक चौकोनी तुकडा बसवला. त्याला ती चौबगला म्हणायची. बाही आणि धड जिथं मिळतात तिथं तो बसतो. हात खाली असला की घडी होऊन दिसेनासा होतो, हात वर केला की उघडतो. तेवढ्या तुकड्यामुळं मी खो-खोत खांबाला गरकन वळायचे आणि पाठीत काही ओढायचं नाही. घेरात आतून तिनं दोन पट्ट्या दुमडून टाके घातले होते. सहावीत एक पट्टी उसवली, सातवीत दुसरी. बाजूच्या शिवणीतही दोन-दोन बोटं कापड सोडलेलं. तीन वर्षं मी वाढत गेले तसा तो गणवेश माझ्याबरोबर वाढला, नंतर धाकट्या बहिणीकडं गेला. तिच्या अंगावर आला तेव्हा तो इतका मऊ झाला होता की नवा कपडा असाच का विकत मिळत नाही, म्हणून ती भांडायची.

शहाण्णव साली मी आठवीत गेले आणि शाळेनं गणवेश बदलला.

शाळा एका संस्थेची. संस्थेचे अध्यक्ष तातेराव. जूनमध्ये शाळा उघडल्याबरोबर नोटीस लागली की यापुढं गणवेश तयार मिळेल, शाळेतूनच घ्यायचा, बाहेर शिवलेला चालणार नाही. प्रार्थनेच्या वेळी तातेराव स्वतः आले. हातात निळा कुर्ता आणि पांढरी सलवार धरून म्हणाले, “इस्त्री नको, रंग जाणार न्हाई, फाटणार न्हाई. शहरातल्या पोरींसारख्या दिसाल.” आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो निळा खरंच सुंदर होता, मोराच्या मानेसारखा चमकत होता.

दुसऱ्या दिवशी तो अंगावर चढवला. आमचा वर्ग पत्र्याच्या खोलीत. दहा वाजता पत्रा तापला आणि तो कपडा पाठीला असा चिकटला की जणू कुणी ओल्या हातानं धरून ठेवलंय. घाम आत शिरेना, बाहेर जाईना, नुसता अंगावरून ओघळायचा. चालताना कापडाचा सर्र-सर्र आवाज यायचा. दोन तासांत त्याला एक आंबूस वास सुटायचा आणि तो धुऊनही जात नव्हता. सगळ्यात वाईट म्हणजे काख. कुठल्या कारखान्यात कुणी कापला होता कोण जाणे, पण त्याला वाटलं असावं की पोरींना हात नसतात. बाही सरळ धडाला जोडलेली, शिवण जाड, आणि ती शिवण प्रत्येक हालचालीला करवतीसारखी चालायची.

पंधरा दिवसांत काखेत पुरळ आलं, मग कातडी सोलली. मी हात अंगाला चिकटवून बसायला शिकले. उत्तर येत असलं तरी हात वर करत नव्हते. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्याच पोरी तशा बसलेल्या, पंख बांधलेल्या कोंबड्यांसारख्या. गणिताचे सर म्हणाले, “आठवीत आल्या की पोरींची डोकी बंद होतात.” कुणी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार? काख हा शब्द सरांपुढं उच्चारायचा कसा?

माझ्या बाकावर तुळजा बसायची, कारभारी काकांची मुलगी. खो-खोत आमच्यात सगळ्यात चपळ. ऑगस्टमध्ये एकदा मधल्या सुट्टीआधी तिला पाळी आली. जुन्या सुती सलवारीत एवढं कळलं नसतं, पोरी वेळ मारून नेत. पण ही पांढरी सलवार काहीच शोषत नव्हती. पाणी सांडलं तर त्यावरून घरंगळत जायचं. तुळजा फळ्याकडं गेली आणि मागून पोरं हसायला लागली. तिनं वळून बघितलं, मग खाली बघितलं आणि खडू तिथंच टाकून पळाली. दप्तर मी तिच्या घरी नेऊन दिलं. ती परत शाळेत आली नाही.

आज मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. रोज बायांची अंगं बघते, काय-काय सोसलेलं असतं ते बघते. पण तो खडू फरशीवर पडून तुटल्याचा आवाज आठवला की अजूनही माझ्या कानशिलात रक्त चढतं.

आईनं माझी काख पाहिली ती न्हाणीत, पाणी लागून मी ओरडले तेव्हा. तशीच ओढत ती मला जन्नतबीकडं घेऊन गेली. जन्नतबीनं मला दाराच्या उजेडात उभं केलं, हात वर धरून काख पाहिली. मग कुर्ता मागितला. उलटा केला. शिवणीत बोट घातलं.

“दाब सोडलेला न्हाई,” ती म्हणाली. “भाभी, हे बघा. शिवणीत जादा कापड पाव इंच न्हाई. पोरगी वाढणारच न्हाई म्हणून शिवलंय हे.” तिनं धागा ओढून काडी लावली. धागा जळला नाही, आक्रसला. टोकाला काळा, कडक मणी झाला आणि खोलीत जळक्या रबरासारखा वास भरला. तो गार झालेला मणी तिनं आईच्या तळहातावर ठेवला. “हे घालून पोरी चुलीपुढं बसतात.”

मी तुळजाचं सांगितलं. जन्नतबीनं कात्री खाली ठेवली.

“पोरीला कशाची लाज? लाज त्या कपड्याला वाटायला पाहिजे. तो आणणाऱ्याला वाटायला पाहिजे.”

तिनं माझ्या कुर्त्याची काख उसवली आणि स्वतःच्या जुन्या ओढणीतून पांढरे चौकोन कापले. निळं कापड जुळवायला वेळ नव्हता आणि तसं कापड तिला वापरायचंही नव्हतं. “जिथं कातडीला लागतं तिथं तरी सूत असू दे.” दुसऱ्या दिवशी मी वर्गात हात वर केला. फार नाही, कानापर्यंत. पण तेवढं पुरलं. त्या आठवड्यात चाळीसेक पोरी तिच्या पडद्यामागं जाऊन आल्या. तिनं कुणाकडून काही घेतलं नाही. ओढण्या संपल्या तेव्हा सिराजोद्दीनचा जुना सुती कुर्ता कापला. तो बिचारा मशीनवरून म्हणाला, “मेरे अंग पर का तो रहने दो.”

मग शाळेला कळलं.

आमचे मुख्याध्यापक बद्रीनाथ सर तसे क्रूर माणूस नव्हते. पण वरून आदेश आला की तो पाळायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी प्रार्थनेनंतर पोरींना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, “हात वर!” पूर्ण शाळेसमोर, पोरांसमोर. ज्यांच्या काखेत पांढरा चौकोन दिसला त्यांना बाजूला काढलं. आम्ही अठ्ठावीस जणी ध्वजाच्या खांबाजवळ उन्हात उभ्या राहिलो, गणवेश विद्रूप केला म्हणून. ज्या हातांसाठी आम्ही दोन महिने रडत होतो ते हात त्या दिवशी आम्हाला दहा मिनिटं वर धरून ठेवायला लावले. आम्हाला घरी पाठवलं आणि बजावलं की तुकडे काढल्याशिवाय यायचं नाही.

ऑक्टोबरात शाळेच्या पत्र्याच्या मोठ्या खोलीत पालक सभा होती. जन्नतबी हिरवा बुरखा घालून, हातात कापडी पिशवी घेऊन आली आणि बायकांत मागं बसली. तातेराव बोलायला उठले, शिस्त, प्रगती, एकसारखेपणा असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले, “कुणाला काही अडचण?”

जन्नतबी उभी राहिली. “मला हाय.”

तातेरावांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमचं मूल या शाळेत न्हाई.”

“न्हाई. पण या शाळेतल्या दोनशे पोरींची मापं माझ्याकडं हायेत. कोणाची काख सोललीय ते मला ठावं हाय. तुमाला ठावं हाय का?”

सभेत चुळबुळ झाली. मागचे दोन पुरुष खाली मान घालून हसले. तातेराव शांतपणे म्हणाले, “शिवणकाम गेलं, धंदा बसला, म्हणून राग आलाय. आम्ही समजू शकतो.”

जन्नतबीचा चेहरा मी बाजूनं पाहत होते. राग आला की तिचा आवाज बारीक होत असे, तसा झाला. “मी एका बी पोरीकडून काही घेतलं असंल तर तिच्या आईनं आत्ता उठून सांगावं.”

कुणी उठलं नाही. मग तातेरावांनी आमच्याकडं वळून विचारलं, “पोरींनो, गणवेशाचा त्रास होतोय का? ज्यांना होतोय त्यांनी हात वर करा.”

आम्ही भिंतीशी उभ्या होतो. एकीनंही हात वर केला नाही. मीही नाही. हात वर केला की सगळे काखेकडं बघणार, आणि बघितलं की काय होतं ते आम्ही भोगलं होतं. हे मी वीस वेळा स्वतःला समजावलंय आणि तरी मला त्याची शरम वाटते.

“बघा,” तातेराव म्हणाले.

जन्नतबी पिशवी घेऊन सरळ पुढं गेली. पिशवीतून तिनं मोरपंखी निळा शर्ट काढला, आमच्याच कुर्त्याच्या कापडाचा. दोन टाकाऊ कुर्ते उसवून केलेला. “तुमचं माप आमच्या दुकानात हाय, भाऊ. वीस सदरे शिवलेत ह्यांनी तुमचे. हा मी शिवलाय. कारखान्यानं पोरींचा जसा कापला, बिलकुल तसाच. घाला.”

लोक हसले. तातेरावांना लोकांचं हसणं आवडायचं. त्यांना वाटलं, ही गंमत आपल्याच बाजूनं जाईल. “आण, घालतो. आम्हीही शहरातले दिसू!” असं म्हणून ते शेजारच्या खोलीत गेले आणि सदरा काढून, उघड्या अंगावर तो शर्ट घालून बाहेर आले. बटणं लागली होती. दुपारचे दोन वाजले होते, पत्रा कडकडत होता.

“आता बोला की, भाऊ. भाषण पुरं करा. हात वर करून बोला, नेहमी बोलता तसं.”

ते बोलायला लागले. भाषणात उजवा हात उंच करायची त्यांची सवय सगळ्या तालुक्याला माहीत. हात खांद्यापर्यंत गेला आणि अडला. शर्ट पोटावरून वर ओढला गेला. त्यांनी जोर लावला. काखेत टर्रकन आवाज झाला आणि शिवण उसवली. पाठीवर घामाचा काळा नकाशा उमटला होता. पुरुष मोठ्यानं हसले. तातेराव हसले नाहीत.

“तुमी पाच मिनिटं घातला,” जन्नतबी म्हणाली. “पोरी सहा तास घालतात.”

हसणं थांबलं. मागं माझी आई उभी राहिली. माझी आई सभेत कधी बोललेली नाही, घरातही कमीच बोलते. तिनं हात वर केला, पूर्ण, दंड कानाला लागेपर्यंत. “माझ्या पोरीला तरास होतोय,” ती म्हणाली. मग तिच्या शेजारचीचा हात वर गेला, मग पलीकडचीचा. सगळ्यांच्या चोळ्या जन्नतबीनं शिवलेल्या, एकीचाही हात मधे अडला नाही. बद्रीनाथ सर खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तातेराव “विचार करू” एवढंच म्हणून आत गेले.

गोष्ट इथं संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पंधरा दिवसांनी नवी नोटीस लागली. गणवेश कुठल्याही टेलरकडून शिवता येईल, मात्र कापड संस्थेकडूनच घ्यावं लागेल. कापड तेच राहिलं. पुढं पाच वर्षं राहिलं. काखेतली तपासणी बंद झाली, पण त्या अठ्ठावीस जणींना उन्हात उभं केल्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. संस्थेच्या शिपायांचे कपडे, बँडपथकाचे कपडे सिराजोद्दीन शिवत असे. ते काम त्या दिवाळीपासून गेलं. कारण कुणी सांगितलं नाही.

जन्नतबी तुळजासाठी सुती सलवार-कुर्ता शिवून तिच्या घरी गेली. बरोबर मी होते. कारभारी काका ओसरीत बसले होते. म्हणाले, “आता कशाला शाळा? झाली तेवढी बदनामी बास.” तुळजा दाराआड उभी होती, तिची सावली दिसत होती. जन्नतबीनं गाठोडं ओसरीवर ठेवलं. “ठीक हाय, शाळा नको. पण हे घालू द्या तिला.” काकांनी ते पायानं सरकवलं नाही, पण हातही लावला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुळजाचं लग्न झालं, वडीगोद्रीला. त्या दिवशी परतताना जन्नतबी मला म्हणाली, “अर्धं कबूल केलं शाळेनं. लोक मला मुबारकबाद देऊन राह्यलेत. कशाची? अर्ध्या कपड्यात कोणी बाहेर पडतं का?”

ती पुढंही शिवत राहिली. रेडीमेडची दुकानं आली, मशीनवर धूळ बसायचे दिवस आले. सिराजोद्दीन दोन हजार दोन साली गेला, तेव्हा तिनं मधली चादर काढून टाकली आणि मशीन पुढं रस्त्याकडं आणली. पुरुष कपडे घेऊन आले तर त्यांनाही म्हणायची, “हात वर करा. वाका.” काही बिचकून परत जायचे.

दोन हजार पाचला शहरातल्या एका संस्थेनं आमच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बायकांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेतलं. विषय होता शिवणकाम आणि टिकाऊ फॅशन. मी उपकेंद्रातून पाणी-गोळ्या घेऊन गेले होते, म्हणून पाहिलं. एक तरुण मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. कपडा शरीराशी बोलला पाहिजे, स्पर्श महत्त्वाचा, एक कपडा अनेक वर्षं वापरता आला पाहिजे, असं सांगत होत्या. वाईट बाई नव्हती ती. मनापासून सांगत होती. जन्नतबी चटईवर बसून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, “मॅडम, तुमी हात वर करता का जरा?”

मॅडमनी केला. त्यांचा महागडा कुर्ता कमरेपासून वर ओढला गेला. जन्नतबीनं उठून कागदाचा चौकोन फाडला, त्यांच्या काखेत धरून दाखवलं कुठं बसवायचा, कसा कापायचा, धाग्याची दिशा कुठली ठेवायची. मॅडमनी वहीत चित्र काढलं, फोटो घेतले, तीन-तीनदा विचारून घेतलं. खूप आनंदल्या. नाव विचारलं नाही.

समारोपाला हजेरीच्या यादीवरून सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली. जन्नतबीला मीच वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की जन्नतबी सिराजोद्दीन यांनी शिवणकामाचं प्राथमिक प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केलं आहे.

मी संतापले. “खाला, मी जाऊन सांगते त्यांना. चोवीस वर्षं शिवताय तुम्ही!”

“सांग,” ती म्हणाली. “जरूर सांग. जल्दी जा, गाडी निघंल त्यांची.”

मी धावले. गाडी निघून गेली होती. परत आले तर जन्नतबी दुकानात बसली होती. प्रमाणपत्राचा कागद जाड, गुळगुळीत होता. पेन्सिलनं तिनं त्यावर कॉलरचा आकार काढला होता आणि कात्री चालवत होती. समोर कुणाची तरी सहा-सात वर्षांची पोरगी दोन्ही हात वर करून उभी होती.

“कागद बाकी चांगला हाय,” ती वर न बघता म्हणाली. “सास घे गं. मोठा.”